माळ्याची मुलगी

पळीमावशीच्या हातून सूप ताटलीच्या काठावर कधी सांडत नाही. पुन्हा मागायला आलेल्याला ती नाही म्हणत नाही आणि हावरटासारखं घेऊन टाकून देणाऱ्याला सोडत नाही. तळ्याकाठच्या उन्हाळी शिबिरातल्या मुलांना तिच्याबद्दल एवढं ठाऊक असलं की त्यांचं भागतं. मोठ्या माणसांचं तेवढ्यावर भागत नाही. 'कुठल्या तुम्ही? घरी कोण असतं?' असं कुणी विचारलं की ती हात पुसत सांगते, "वडील माळी होते. मोठ्या बागेवर."

हे उत्तर तिनं पहिल्यांदा दिलं तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती. दूरच्या शहरात एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात भांडी घासायला उभी राहिली होती. तिथल्या मुख्य आचाऱ्यानं विचारलं, "कुणाची गं तू?" खिडकीबाहेर एक माणूस कात्रीनं कुंपण छाटत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माळ्याची." सुचलं ते बोलून गेली. पण खोट्याला पाणी घालावं लागत नाही, ते आपलं आपणच वाढतं. पुढे त्या माळ्याला एक बाग मिळाली, बागेला मालक मिळाला, मालकाला गुलाबांचं वेड लागलं. लग्न झालं तेव्हा नवऱ्यानंही तो माळी सासरा म्हणून मान्य केला. नवरा गेला तो त्याच समजुतीत गेला. मुलगा आता परमुलखात असतो. त्याच्या गॅलरीत कुंड्याच कुंड्या आहेत आणि आल्यागेल्याला तो सांगतो, "आजोबांचा हात आलाय माझ्या हाताला."

खरा बाप चर खणायचा. संडासाचे चर.

सरहद्दीपलीकडे कापाकापी सुरू झाली तेव्हा माणसं मिळेल त्या वाटेनं अलीकडे आली आणि त्यांना या तळ्याकाठी बसवलं गेलं. आधी इथं सैन्याचा तळ होता. सैन्य पुढे सरकलं आणि त्यांचे फाटके तंबू निर्वासितांच्या वाट्याला आले. थोड्या दिवसांची सोय म्हणून टाकलेली छावणी वर्षानुवर्षं राहिली. पळीमावशी तिथंच जन्मली, आज जिथं शिबिरातली मुलं बाण मारायला शिकतात त्या मैदानाच्या जरा वर. बाप सकाळी नवा चर खणायचा आणि संध्याकाळी भरलेला बुजवून त्यावर चुना टाकायचा. चुन्याचा वास त्याच्या कपड्यांना, अंथरुणाला, मुलीच्या केसांना असायचा. गावातल्या शाळेत तिचं नाव 'चुनेवाली' पडलं. ती वर्गात शिरली की पुढची रांग नाकाला रुमाल लावायची, आणि मास्तरही हसू दाबायचे.

छावणी मोडली, तेव्हा आईबाप तळ्यापलीकडच्या गावात राहायला गेले. बाप तिथंच वारला. आई अजून तिथं राहते, धक्क्याजवळच्या दोरखंडांच्या दुकानावर, एका खोलीत. तिच्यासाठीच तर पळीमावशीनं मोठ्या शहरातली नोकरी सोडून या शिबिराची धरली. पण सुट्टीच्या दिवशी आईकडे जायचं तर ती नावेनं जात नाही. नाव अर्ध्या घटकेत पलीकडे पोचवते, पण नावाड्याला तोंड आहे. म्हणून ती बस पकडते आणि सगळं तळं वळसा घालून, धूळ खात जाते.

असं सगळं व्यवस्थित चाललं होतं. त्या उन्हाळ्यात शिबिरप्रमुखांच्या डोक्यात 'छावणी दिवस' आला.

शिबिरप्रमुख, म्हणजे सगळ्यांचे सर, पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे. चांगला माणूस, पण एखादी कल्पना सुचली की तिच्यापायी दुसऱ्याची झोप उडवणारा. शेकोटीपाशी त्यांनी मुलांना समजावलं, "माणूस घर बांधायला नंतर शिकला. आधी शिकला तो तळ टाकायला. मेंढपाळ कुरण संपलं की तंबू उचलायचे. राजे लढाईला निघाले की मागे अख्खं गाव तंबूत चालायचं, न्हाव्यापासून लोहारापर्यंत. डोंगर मोजणारे, रस्ते बांधणारे, धरणावरचे मजूर, सगळे छावणीत राहिले. शहरातल्या पोरांना मोकळी हवा मिळावी म्हणून तंबू ठोकायची टूम तर अगदी अलीकडची. तेव्हा एक दिवस आपण या सगळ्या छावण्या जगून बघू."

चिठ्ठ्या टाकल्या. सैन्य मिळालेली पोरं लगेच खंदक खणायला धावली. मेंढपाळांनी स्वयंपाकघरातली घोंगडी पळवली. डोंगर मोजणाऱ्यांना दुर्बीण मिळाली. निर्वासितांची छावणी आली ती दोन वेण्यांच्या एका मुलीच्या गटाला. ती भडकलीच.

"सर, हे काय? त्यांना दुर्बीण, त्यांना खंदक, आणि आम्ही नुसतं रांगेत उभं राहायचं? यात खेळ कुठाय?"

सर गडबडले. मग म्हणाले, "तुम्हांला खरं माणूस आणून देतो. इथं अशी छावणी होती. त्यातलं कुणी ना कुणी असेलच की." त्यांनी नावाड्याला विचारलं, आणि नावाड्याला तर कुणी विचारायचीच खोटी. "दोरखंडवाल्याच्या माडीवर म्हातारी आहे ना! बोलायला बसली तर नाव बुडेल, एवढं बोलते."

पळीमावशी तेव्हा बटाटे सोलत होती. सुरी चालत राहिली, पण सालीबरोबर अर्धा बटाटाही गेला.

सुट्टी नव्हती तरी दुपारी ती बसनं निघाली. खोलीत शिरली तर आई आरशासमोर बसून केस विंचरत होती.

"ये. तुझे सर येऊन गेले," आई म्हणाली. "चांगला माणूस आहे गं. खुर्चीवर बसायच्या आधी बसू का म्हणून विचारलं मला."

"तू काय सांगितलंस?"

"येते म्हणून सांगितलं. इतकी वर्षं झाली, कुणी विचारलं का, बाई कशी होतीस तिथं? आता विचारतायत तर नको म्हणू?"

"आई, माझं नाव काढलंस?"

आईनं कंगवा थांबवला. आरशातूनच मुलीकडे पाहिलं. "नाही काढलं. मला ठाऊक आहे तू बसनं येतेस ते."

पळीमावशीला वाटलं होतं, आईला बसचं काही कळत नसेल. ती पलंगाच्या कडेवर टेकली. "नको काढूस. माझं तिथं सगळं नीट आहे. मी कुणाची, काय, काही बोलू नकोस. ओळखसुद्धा दाखवू नकोस."

"मग मी तुझी कोण? सूप प्यायला आलेली पाहुणी?"

"थट्टा नको, आई."

"आणि मूलबाळ विचारलं तर? पोरं विचारतात."

"काहीही सांग. नाही म्हण."

आईनं कंगव्यात अडकलेले केस काढून गुंडाळले. मग म्हणाली, "बरं. नाही तर नाही." आणि केसांचा अंबाडा घालायला लागली.

छावणी दिवशी म्हातारी नावेतून आली. सरांनी हात धरून तिला उतरवलं. मुलांनी अंगणात बाक मांडला होता, पण ती गवतावर बसली. "बाकावर बसून छावणीचं काय सांगू?" म्हणाली, आणि पहिल्या वाक्यातच पोरं जिंकली. तंबूत पाणी शिरलं की झोपलेल्या माणसाला अंथरुणासकट कसं उचलायचे, एका रात्री बायकांनी मिळून कोठारातले बटाटे कसे लांबवले, एका म्हाताऱ्यानं घराची किल्ली कशी गळ्यात ठेवली होती, आणि ते घर तर जळलेलं होतं, असं ती सांगत गेली. पोरं हसली, मग गप्प झाली, मग पुन्हा हसली. पळीमावशी स्वयंपाकघराच्या दारात सुपाच्या भांड्याशी उभी होती. यातलं अर्धं तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

दोन वेण्यांवाली अगदी पुढे बसली होती. "आजी, तुमचे मिस्टर काय करायचे तिथं?"

म्हातारीनं गवताची काडी तोडली. "असायचं काहीतरी काम. पुरुषांना कामं असायची."

"आणि तुमची मुलं? ती पण छावणीत होती?"

"नाही बाळा. मला मूलबाळ नाही."

हे तिनं इतकं सरळ सांगितलं की कुणाला शंका यावी असं त्यात काही नव्हतं. पळीमावशीच्या हातातली पळी भांड्याच्या काठावर आपटली. दोन-चार पोरांनी वळून पाहिलं, म्हातारीनं पाहिलं नाही.

मग रांग लागली. खेळाचा नियम असा की निर्वासितांना अर्धी पळी मिळणार. म्हातारी पोरांच्या मागे, हातात ताटली घेऊन उभी राहिली. सर ओरडले, "मावशी, आजींना भरपूर वाढा हं! त्यांना नियम नाही." आई समोर आली. पळीमावशीनं पळी बुडवली, भरून काढली, आणि तिच्या हातून त्या दिवशी सूप काठावर सांडलं.

"पुरे, बाई," आई म्हणाली. "देव तुमचं भलं करो." आणि पुढे सरकली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ते तिलाही कळत होतं. पण मागचा मुलगा ताटली पुढे करून उभा होता, त्याच्या मागे आणखी कुणी. ती वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला दोन वेण्यांवाली तिच्याकडे आली ती सगळा गट मागे घेऊन. "मावशी, आम्ही ठरवलंय. त्या आजींना कुणीच नाही ना, म्हणून आम्ही त्यांना दत्तक घेतोय."

"आजीला दत्तक?"

"हो. दर महिन्याला एकानं पत्र लिहायचं. आणि हा जवळ राहतो, तो आईबाबांना घेऊन भेटायला येणार. म्हातारपणी कुणीच नसणं म्हणजे किती वाईट! मी तर रात्री रडले."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते पळीमावशीला पावाच्या टोपलीपाशी उभं राहून कळलं. ती टोपली खाली ठेवून सरांच्या खोलीत गेली आणि दार लावायच्या आधीच म्हणाली, "सर, ती माझी आई आहे."

सरांनी तिच्याकडे बघितलं. "कोण?"

"कालच्या आजी. मी तिची मुलगी."

"पण त्या तर म्हणाल्या..."

"मीच तिला तसं सांगायला लावलं होतं."

सरांना काही उमजेना. तुमचे वडील तर माळी ना, असं ते दोनदा म्हणाले. शेवटी उठलेच. "चला, आत्ता जाऊ. मुलांनाही कळू दे." दोन वेण्यांवालीला बरोबर घेतलं आणि तिघं नावेत बसले. इतक्या वर्षांत पळीमावशी पहिल्यांदा नावेनं निघाली होती. पुढे काय बोलायचं, ते ती वाटभर मनात जुळवत होती.

त्याची गरजच पडली नाही. आईनं दार उघडलं, तिघांना बघितलं आणि सरांना नमस्कार केला. पळीमावशी म्हणाली, "आई, मी सांगितलं यांना. सगळं सांगितलं."

"कुणाला आई म्हणता?" म्हातारी म्हणाली. "काल वाढायला होतात त्या ना तुम्ही? सूप छान होतं हो."

"आई, आता पुरे. सरांना माहीत झालंय."

म्हातारी सरांकडे वळली. आवाज एकदम सपाट, कचेरीच्या खिडकीसमोर बोलावा तसा झाला. "साहेब, मी काल सांगितलं तेच खरं. मला मूल नाही. या बाईंना मी कालच पहिल्यांदा पाहिलं."

नाव परत निघाली. शिबिराचा काठ जवळ आल्यावर सरांनी घसा खाकरला. "मावशी, मला कळलं. त्या एकट्या आहेत हे तुम्हांला बघवलं नाही. पण असं परस्पर कुणाची मुलगी व्हायचं नसतं. म्हाताऱ्या माणसालाही मान असतो. तरीसुद्धा... मन मोठं आहे तुमचं."

"सर, ती खरंच माझी आई आहे."

"हो, हो," सर हळुवारपणे म्हणाले, आणि तिचा हात थोपटला.

संध्याकाळी निरोपाच्या सभेत, सगळं शिबिर पाण्याकाठी जमलेलं असताना, सरांनी ती गोष्ट सांगितली. पोहण्यात कोण पहिलं, तंबू कुणाचा नीटनेटका, ही बक्षिसं झाल्यावर ते म्हणाले, "आणि एक गोष्ट मला आपल्या पळीमावशीकडून शिकायला मिळाली. एका निराधार आजीसाठी त्या तिची मुलगी व्हायला तयार झाल्या." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पळीमावशी उभी राहिली, "नाही रे, तसं नाही, ती माझी सख्खी आई," म्हणाली, तर टाळ्या आणखी वाढल्या. दोन वेण्यांवालीनं तर पळत येऊन तिला मिठीच मारली. ती मुलगी मिठीत असेपर्यंत पळीमावशी हात लोंबते सोडून उभी होती. त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचं धाडस तिला झालं नाही.

सकाळी मुलांच्या गाड्या गेल्या आणि ती नावेनं पलीकडे गेली. आई खिडकीत बसून वाटाणे सोलत होती.

"कशाला केलंस गं असं?" पळीमावशी म्हणाली. "मी सांगितलं होतं ना त्यांना!"

"तू आधी सांगितलंस नाही म्हण. म्हटलं."

"पण नंतर..."

"नंतर काय नंतर? साहेबासमोर एकदा जबाब दिला की तो बदलायचा नसतो." आईनं शेंगेतले दाणे वाटीत पाडले. "आमच्या शेजारच्या तंबूत एक बाई होती. आल्या दिवशी घाबरून म्हणाली, नवरा मेलाय. चार महिन्यांनी नवरा शोधत आला. ती धावत गेली सांगायला, हा बघा माझा नवरा, जिवंत आहे. काय झालं? दोघांचंही शिधापाणी बंद. खोटारडी म्हणून. पहिलं खरं धरायचं की दुसरं, असं म्हणाले. सगळ्यांनी तेव्हाच कानाला खडा लावला. जे पहिल्यांदा सांगितलं ते मरेपर्यंत. काल त्या साहेबासमोर मी शब्द फिरवला असता, तर तुझी चूल बंद झाली असती."

"आई, तिथं माझं शिधापाणी कोण तोडणार होतं?"

"ते मला काय विचारतेस? एवढी वर्षं भिऊन बसनं कोण येत होतं?"

पळीमावशीनं समोरची एक शेंग उचलली आणि नुसती हातात फिरवली. आई वाटाणे सोलत राहिली. थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाली, "माझं सोड. मी जिवंत आहे, मला बोलता येतं. त्या पोरीनं विचारलं, मिस्टर काय करायचे. माझ्या जिभेवर आलं होतं. पटकीची साथ आली तेव्हा शेजारच्या छावणीत माणसं किड्यामुंग्यांसारखी गेली. आमच्यात गेली नाहीत तेवढी. पाण्यापासून लांब, चढावर, खडकात खणायचा तो. लोक म्हणायचे जवळ खण, पाय दुखतात. ऐकायचा नाही. हात सोलून निघायचे. हे सांगणार होते. तेवढ्यात वाटलं, लेकीनं त्याला माळी केलाय. आपण कशाला खाली उतरवायचा?"

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

ती शिबिरात परतली तेव्हा सर कचेरीत एकटेच होते. पालकांना पाठवायचं पत्रक लिहीत होते. तिला बघून हसले. "या, या. तुमच्यावरच आलोय. बघा, वाचून दाखवतो."

"ते खोडा, सर."

"अहो, संकोच कसला..."

"माझे वडील माळी नव्हते," ती म्हणाली. "इथं, याच छावणीत, ते संडासाचे चर खणायचे. भरले की बुजवायचे. मला शाळेत चुनेवाली म्हणायचे. म्हणून मी माळी सांगत आले. नवऱ्यालाही तेच सांगितलं, मुलालाही. त्या आजी म्हणजे माझी आई."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तिथंच राहिलं, मग ते कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं गेलं. या वेळी मात्र त्यांनी कशाचा पुरावा मागितला नाही. असला बाप दयेपोटी कुणी जोडून घेत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. तिला वाटलं होतं, एकदा बोललं की हलकं होईल. तसं काही झालं नाही. कानाच्या पाळ्या वर्गात तापायच्या तशाच तापल्या.

सरांनी लिहिलेला परिच्छेद खोडला. नवा लिहायला घेतला. ती सांगत होती, ते लिहीत होते. आचारीण इथंच जन्मली, असं लिहून झालं. आई पलीकडे राहते, झालं. मग त्यांची लेखणी थांबली.

"मावशी," ते जपून म्हणाले, "हे पालक वाचणार. 'वडील स्वच्छता विभागात होते' असं लिहू का? अर्थ तोच."

ते नीट ऐकू येत होतं. मानाचं, साबणाच्या वासाचं. तिनं चटकन नाही म्हटलं नाही. लेखणी कागदावर टेकलेली होती, आणि तिनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"संडासाचे चर," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज बराच बारीक निघाला, आणि सरांना पुन्हा विचारावं लागलं.